पाच हजार आठशे चाळीस मेंढरं

हिंगणमाळ नगरपंचायतीत आजवर बरेच आराखडे झाले. पाण्याचा झाला, रस्त्यांचा झाला, आराखडे ठेवायच्या कपाटांचाही झाला असावा, कारण ती कपाटं अजून यायची आहेत. पण त्यातल्या एकाही आराखड्यानं कधी प्रांजलीच्या बापाचं नाव घेतलं नव्हतं. वातावरणीय कृती आराखड्यानं ते घेतलं, आणि घेतलं तेही गावातला एक नंबरचा प्रदूषणवाला म्हणून. त्याहून वाईट म्हणजे हे सगळं घडवून आणलं होतं खुद्द प्रांजलीनं, स्वतःच्या हातानं आणि अगदी मन लावून.

हिंगणमाळ हे छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, छावणी ओलांडून पुढं गेलं की लागणारं गाव. दहा वर्षांपूर्वी तिथं बाजरी होती आणि ग्रामपंचायत होती. मग शहर हातपाय पसरत आलं, बाजरीच्या जागी प्लॉट पडले आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. बोर्ड बदलला, खुर्च्या त्याच राहिल्या. त्यातल्या एका डगमगत्या खुर्चीवर प्रांजली कंत्राटी डाटा ऑपरेटर म्हणून बसायची. धनगराच्या घरातली, बी.एस्सी. झालेली, चोवीस वर्षांची पोर. आकड्यांवर तिचा भारी जीव. बेरीज जुळली की तिला खरंखुरं सुख व्हायचं. काही माणसं असतात अशी, त्याला इलाज नाही.

तर झालं असं की वरून पत्र आलं. प्रत्येक नगरपंचायतीनं आपल्या हद्दीतून हवेत जाणारे वायू मोजायचे, म्हणजे जगाला ताप आणणारे, हरितगृह वायू म्हणतात ते. कुठून किती जातात ते शोधायचं, जिथून जास्त जातात तिथं हात घालायचा, आणि पाच वर्षांत किती कमी करणार ते लिहून पाठवायचं. मुख्याधिकारी इंद्रजीत साहेबांना हे पत्र म्हणजे पर्वणीच वाटली. साहेब तरुण, उस्मानपुऱ्यातून रोज गाडीनं येणारे, स्वभावानं वाईट नाहीत, पण भिंतीवर रंगीत तक्ता दिसला नाही तर त्यांचा दिवस सुना जायचा. त्यांनी प्रांजलीला बोलावून सांगितलं, "मॅडम, हे काम तुमचं. अंदाज नकोत मला. आकडा पाहिजे."

"आकडा पाहिजे" हे शब्द प्रांजलीच्या कानाला गोड लागले. तिनं दोन दिवस शहरात जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि परत येऊन घरोघरी भरून घ्यायचा फॉर्म स्वतः तयार केला. घरात किती गाड्या, किती सिलिंडर, कचरा जाळता का, मोटार किती तास चालते, असं सगळं त्यात होतं. चौदावा प्रश्न जनावरांचा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी रवंथ करतात आणि त्यांच्या पोटातून मिथेन नावाचा वायू निघतो, तोही मोजावा लागतो. इथं प्रांजली जरा अडली.

कारण असं की धनगराला त्याची मेंढरं किती असं विचारायचं नसतं. विचारलं तरी तो सांगत नाही. मेंढरं मोजली की नजर लागते, हे प्रांजलीनं आईच्या दुधाबरोबरच प्यायलं होतं. तिचा बाप कारभारी याला कुणी विचारलंच तर तो आकाशाकडं बघून म्हणायचा, "हायेत देवाची चार." सरकारी माणूस आला तरी चारच आणि पाहुणा आला तरी चारच.

प्रांजली दहा वर्षांची असताना शाळेत नुकत्याच मोठ्या बेरजा शिकून आली होती. एका सकाळी ओढ्यात उतरणारी मेंढरं ती मोठ्यानं मोजत सुटली. सत्त्याऐंशीपर्यंत आली तेव्हा बापानं पळत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. त्याच आठवड्यात रोग आला आणि अकरा मेंढरं गेली. बाप तिला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं. तेव्हापासून ती जगातलं सगळं मोजायची, जिन्याच्या पायऱ्यासुद्धा, पण मेंढरांकडं बघताना डोळे थोडे बारीक करून बघायची, म्हणजे आकडा आपोआप डोक्यात यायला नको.

म्हणून चौदाव्या प्रश्नात तिनं एक तोड काढली. धनगराला विचारायचंच नाही, शेतवाल्याला विचारायचं. माघ-फाल्गुनात रानं मोकळी झाली की शेतकरी आपापल्या वावरात मेंढरं बसवतात. दोन रात्री कळप एका वावरात बसला की लेंडी-मुताचं असं खत पडतं की पुढच्या पिकाला युरियाची गोणी लागत नाही. त्याबदल्यात धनगराला धान्य मिळतं, मग कळप पुढच्या वावरात. तेव्हा फॉर्ममध्ये प्रश्न असा छापला: 'काल रात्री आपल्या जागेत एकूण किती जनावरे होती?' माणसाला कालचं बरोबर आठवतं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. प्रांजली स्वतःच्या हुशारीवर खूश झाली. बापाचा शब्दही मोडला नाही आणि सरकारचं कामही झालं.

फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस पाहणी चालली. बचतगटाच्या बाया दारोदार, वावरोवावर हिंडल्या, फॉर्म प्रांजलीच्या टेबलावर येत गेले आणि ती ते संगणकात टाकत गेली, मेंढ्यांच्या रकान्यात मात्र डोळे बारीक करून, बेरजेकडं न बघता. एप्रिलमध्ये एका गुरुवारी साहेबांनी निकाल प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडला. समोर नगराध्यक्ष द्वारकाबाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, कांद्याच्या व्यापारात केस पांढरे केलेल्या. बाजूला चार नगरसेवक आणि बिस्किटं.

"वीज मंडळाची वीज आपल्या हातात नाही," साहेब म्हणाले. "हायवेच्या ट्रकांना आपण थांबवू शकत नाही. तेव्हा ते बाजूला ठेवू. आपल्या हातात काय आहे ते बघा." भिंतीवर चार रंगीत खांब उभे राहिले. पाणीपुरवठ्याच्या मोटारी, वर्षाला दोनशे नव्वद टन. रस्त्यावरचे दिवे, तीनशे टन. कचरा जाळणं, दोनशे. आणि या तिघांच्या डोक्यावरून थेट छताकडं गेलेला चौथा, हिरवागार खांब.

"मेंढ्या!" साहेब म्हणाले. "पाच हजार आठशे चाळीस मेंढ्या. आठशे अठरा टन."

द्वारकाबाईंनी चष्मा पुसला. "अवो साहेब, गावात मेंढरं म्हंजी एकट्या कारभारीची. पैले सात-आठ कळप व्हते, आता त्यो एकलाच राह्यला. त्याच्याकडं पाच हजार? मग त्यो त्या घोंगडीत कशाला फिरायलाय?"

"माणसं श्रीमंती लपवतात, ताई," साहेब गंभीरपणे म्हणाले. पुढचा तक्ता आला. उपाय क्रमांक एक: गायरानाच्या चाळीस एकरांना तारेचं कुंपण, आत झाडं, आणि नगरपंचायत हद्दीत मेंढ्यांना बंदी. सोमवारी हरकतींची सुनावणी, त्यानंतर मंजुरी.

प्रांजलीच्या हातातलं बिस्किट चहात बुडून तळाला गेलं. गायरान बंद म्हणजे कळप संपला. बाकी सगळीकडं प्लॉट आणि भिंती, चरायला तेवढा एकच तुकडा उरलेला. बापाला मेंढरं विकावी लागणार. आणि मेंढरं विकल्यावर कारभारी नावाच्या माणसानं सकाळी उठून करायचं तरी काय, हे तिला अजिबात दिसेना.

तिनं उठून बोलायला हवं होतं. ती बोलली नाही. भिंतीवरचा आकडा तिचाच होता, फॉर्म तिचा, बेरीज तिची, आणि खुर्ची कंत्राटी. शिवाय साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काम फार छान केलंत मॅडम," आणि त्यावर तिच्या तोंडून चक्क "थँक्यू सर" निघालं. त्या थँक्यूची तिला पुढं चार दिवस लाज वाटत राहिली.

शुक्रवार-शनिवार तिनं फॉर्म उपसले. मेंढ्यांची नोंद चौदा वावरांत होती. तिनं तारखा क्रमानं लावून बघितल्या. एक-दोन फेब्रुवारीला ओढ्याकाठच्या वावरात तीनशे, तीन-चारला त्याच्या शेजारी चारशे, पाच-सहाला त्याच्या पलीकडं साडेतीनशे. चौदा कळप नव्हतेच. एकच कळप दर दोन दिवसांनी बांध ओलांडत होता आणि पाहणीवाल्या बाया नेमक्या त्याच्या मागोमाग चालल्या होत्या. तिच्या बापाची मेंढरं तिच्या फॉर्ममधून चौदा वेळा गेली होती.

त्यातही दरवेळी आकडा फुगवून. सांडू पाटलाच्या वावरात तर सातशे लिहिली होती. शनिवारी दुपारी ती स्कूटी काढून त्याच्याकडं गेली. सांडूअण्णा लिंबाखाली बाजेवर बसून मोबाइल बघत होते.

"अण्णा, सातशे मेंढरं बसली व्हती का तुमच्या वावरात?"

"सातशे म्हंजी काय, वावर दिसत नव्हतं!"

"मोजली व्हती तुम्ही?"

"मोजायची कशाला? शेजारच्यानं चारशे लिवली म्हणून त्या बाईनं सांगितलं. मग आपलं वावर काय त्याच्यापेक्षा कमी हाये व्हय?" अण्णांना आपलं काही चुकलंय असं अजिबात वाटलं नाही. उलट त्यांनी विचारलं, "का गं, बक्षीस हाये का काही?"

प्रांजलीनं कपाळाला हात लावला. गायरानाची गोष्ट सांगितल्यावर मात्र अण्णांनी मोबाइल खाली ठेवला. मेंढरं बसणार नसतील तर वावराला गोण्या लागणार, आणि गोण्यांचं नाव काढलं की अण्णांना आधीच उकडायचं.

आता चूक कळली, पण खरा आकडा कुठून आणायचा? जनावरांचे डॉक्टर आठवडाभर वैजापूरच्या लसीकरणाला गेलेले. अंदाज साहेबांना चालत नाही. खरा आकडा फक्त एका माणसाच्या डोक्यात होता आणि तो माणूस 'देवाची चार' यापुढं जात नव्हता.

रविवारी दुपारी ती गायरानात गेली. ऊन चांगलं तापलं होतं आणि मेंढरं बाभळींच्या सावलीला एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. एक मेंढी नुकतीच व्याली होती. आक्काबाई, प्रांजलीची आई, ओलं कोकरू पदरानं पुसत बसली होती. कारभारी जरा पलीकडं पाठ करून उभा राहिला, कमरेची कळकट पिशवी सोडून त्यात काहीतरी केलं आणि परत बांधली. तंबाखूची पिशवी. प्रांजलीनं जन्मापासून ती त्याच्या कमरेला बघितली होती.

"आबा," ती म्हणाली, "तुमच्याशी बोलायचंय."

"बोल की."

"मेंढरं किती हायेत आपली?"

आक्काबाईचा कोकरावरचा हात थांबला. कारभारीनं आभाळाकडं बघितलं. "हायेत देवाची चार."

"आबा, सरकारच्या कागदावर ती पाच हजार आठशे चाळीस हायेत."

कारभारी आधी हसला आणि मग त्याला ठसका लागला. "कुणी मोजली?"

"मी."

मग तिनं सगळं सांगितलं. फॉर्म, चौदावा प्रश्न, चौदा वावरं, हिरवा खांब, गायरानाचं कुंपण. थँक्यू सरसुद्धा सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं आणि नाक पुसत ती म्हणाली, "मीच केलं आबा हे. लहानपणी पण मीच मोजली व्हती, तवा अकरा गेली. आता सगळीच जायची."

कारभारीनं काठी मातीत टोचली. "ती अकरा रोगानं गेली," तो म्हणाला. "गावात सगळ्यांचीच गेली व्हती त्या साली. तू काय सगळ्यांची मोजली व्हती व्हय?"

चौदा वर्षं ती ज्या वाक्याची वाट बघत होती, ते असं बाभळीखाली सहज येऊन पडलं.

"मग सांगा ना आकडा."

"नाय सांगायचा," कारभारी म्हणाला. "तुझ्यामुळं नाय. मलाच ठाव नाय. म्या कधी मोजली नायत."

"मग कमी झालं, जास्त झालं, कसं कळतं तुम्हाला?"

"कळतं," कारभारी म्हणाला आणि विषय संपवला.

आक्काबाई कोकरू मांडीवर घेऊन म्हणाली, "मला तीस वरसात सांगितलं नाय त्यानं, तुला काय सांगणार! भाकर खा दोन घास आणि जा."

सोमवारी सकाळी प्रांजली साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. फॉर्म चुकला, चूक माझी, एकच कळप चौदा वेळा आलाय, हा खांब खोटा आहे. साहेबांचा चेहरा पडला. त्या हिरव्या खांबावर त्यांचाही जीव बसला होता.

"मग खरा आकडा?"

"नाही माझ्याकडे."

"मॅडम, चुकीचा का होईना, कागदावर एक आकडा आहे. तुम्ही म्हणता तो काढा. मग त्या जागी काय लिहू? थोडी मेंढरं?" त्यांनी घड्याळ बघितलं. "अकराला सुनावणी आहे. तोवर आकडा आणा. नाहीतर आहे तेच पुढं जाईल. आणि तुमच्या कामाबद्दल आपण नंतर बोलू."

ते नंतरचं बोलणं कसलं असणार हे प्रांजलीला कळलं. नवल म्हणजे तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. गुरुवारी गिळलेलं आज बोलून टाकलं, एवढ्यानंच तिला हलकं वाटत होतं.

अकराला सभागृह भरलं. एकानं गटारीची हरकत घेतली, दुसऱ्यानं शेजाऱ्याच्या पत्र्याची. वातावरणाशी त्याचा संबंध काय असं साहेबांनी विचारलं तर तो म्हणाला, "वातावरणच बिघडलंय ना घरातलं." मग सांडूअण्णा उठले. मेंढरं बंद केली तर मी गोण्या टाकणार, त्या कारखान्यात काय हवेवर बनतात का, त्यांचा खांब कुठाय, असं ते तावातावानं बोलले. बोलणं बिनतोड होतं. द्वारकाबाईंनी मान हलवली आणि साहेबांनी ते लिहूनही घेतलं. पण खाली बसता बसता अण्णा म्हणाले, "आणि माझ्या वावरात सातशे बसली हे मातर खरंय!" आणि केल्या कामावर पाणी पडलं.

प्रांजली उभी राहिली. "सातशे नाहीत. पाच हजारही नाहीत. मी चुकीचा प्रश्न छापला," ती म्हणाली. "कळप एकच आहे. पण किती आहे ते मला सांगता येत नाही."

"आकडा, मॅडम," साहेब हळूच म्हणाले.

त्याच वेळी बाहेर एकच कालवा उठला. शिपाई ओरडत होता, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, आणि या सगळ्याच्या वर बें बें असा आवाज. साहेब खिडकीपाशी गेले. नगरपंचायतीच्या फाटकाबाहेरचा अख्खा रस्ता मेंढरांनी भरला होता आणि साहेबांची गाडी त्यात छतापुरती उरली होती. कळपाच्या मागं आक्काबाई कोकरू कडेवर घेऊन उभी. पुढं कारभारी, घोंगडी खांद्यावर, पायताण फाटकाशी काढून थेट सभागृहात आला.

"राम राम," तो म्हणाला. त्यानं कमरेची पिशवी सोडली आणि साहेबांच्या टेबलावर, मंजुरीच्या कागदांवर पालथी केली. तंबाखू नव्हतीच. चिंचोके होते. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले, काळेभोर, ढीगभर.

"कोकरू जन्मलं की एक टाकतो," कारभारी म्हणाला. "मेलं नायतर विकलं की एक काढतो. सांजच्याला एकेक मेंढरू आत जातं आणि एकेक चिंचोका या खिशातून त्या खिशात. हिशेब जुळला तर सगळी आली. जास्ती उरले तर हुडकाया जातो. म्या मोजलं नाय, साहेब, आणि मोजणार बी नाय. तुम्हाला चिंचोके मोजायचे तर मोजा. चिंचोक्याला कुणाची नजर लागत नसती."

साहेब त्या ढिगाकडं बघत राहिले. असली पद्धत प्रशिक्षणात कुणी शिकवली नव्हती. द्वारकाबाईंनी मात्र बांगड्या मागं सारल्या आणि कांद्याची चाळ भरताना मोजतात तसं विसा-विसांनी ढीग लावायला घेतलं. एक वीस, दोन वीस. "धा विसा आन तेरा," त्या म्हणाल्या. "दोनशे तेरा."

"दोनशे तेरा!" साहेबांनी मोबाइलवर गुणाकार केला. "हे तर तीस टनांच्या आत आलं." हिरवा खांब सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसला. साहेब दुःखी झाले खरे, पण आकड्याचा माणूस तो, लगेच सावरले. "तरी पडताळणी लागेल. लेखी तसं द्यावं लागतं."

"करा की," कारभारी म्हणाला. "तेवढ्यासाठी तर घेऊन आलोय."

मग हिंगणमाळ नगरपंचायतीच्या फाटकात जे झालं ते आजही लोक सांगतात. फाटकाची एक झडप लावली, एक मेंढरू जाईल एवढी फट ठेवली. साहेब एका बाजूला ओंजळीत चिंचोके घेऊन उभे, समोर प्रांजली पिशवी पसरून. एक मेंढरू आत, एक चिंचोका पिशवीत. कुणी मोजायचं नाही, असं कारभारीनं बजावलं होतं. सांडूअण्णा ओठ हलवताना सापडले तेव्हा द्वारकाबाईंनी त्यांना दटावलं. अर्ध्या तासात साहेबांच्या पांढऱ्या शर्टाला लोकर चिकटली, बुटांची रया गेली, आणि तरी कितीतरी दिवसांत ते एवढे खुशीत दिसले नव्हते.

मध्येच कारभारीनं मान वर करून विचारलं, "साहेब, त्यो दिवा दिवसा का जळतोय?" फाटकावरचा रस्त्याचा दिवा भर उन्हात चालू होता. त्याच्या पुढचाही. पार चौकापर्यंत सगळेच. साहेबांनी त्या दिव्यांकडं बघितलं, मग आतल्या भिंतीकडं, जिथं आता दिव्यांचा खांब सगळ्यांत उंच राहिला होता, आणि शिपायाला बटणाकडं पाठवलं.

शेवटी आक्काबाई कालचं कोकरू घेऊन फटीतून आत आली. तिच्या नावाचा, म्हणजे कोकराच्या नावाचा, चिंचोका पडला. रस्ता रिकामा झाला. साहेबांनी ओंजळ उघडली. आत एक चिंचोका उरला होता, बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेला.

"एक मेंढरू कमी आहे," साहेब म्हणाले.

प्रांजलीनं रस्त्यावर मान फिरवून बघितलं. एखादं मागं राहिलं असेल, गाडीखाली गेलं असेल. तिच्याच पायी, परत एकदा.

"कमी नाय," कारभारी म्हणाला. तो चांगलाच अवघडला होता, घोंगडीचं टोक उगाच सारखं करत होता. "मेंढराचा नाय त्यो."

"मग कुणाचा?"

"हिचा." त्यानं काठीनं प्रांजलीकडं दाखवलं. "ही जन्मली त्या दिवशी टाकला व्हता. सांजच्याला सगळी आत आली की हातात एक उरतो. म्हंजी ही घरात हाये असं समजायचं."

आक्काबाई आ करून नवऱ्याकडं बघत राहिली. तीस वर्षांत तिला हेही सांगितलं नव्हतं त्यानं.

प्रांजलीला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही थांबत नव्हतं. शहरात हॉस्टेलला राहिली ती तीन वर्षं, परीक्षेला गेली ते दिवस, रोजची संध्याकाळ हा माणूस माळावर उभा राहून तिच्या नावाचा चिंचोका हातात धरत आला होता, आणि ती जगातलं सगळं मोजत हिंडत होती. आपल्याला कुणीतरी रोज मोजतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"आबा," ती कशीबशी म्हणाली, "माझं लग्न झालं की काढणार का हा?"

कारभारीला हा प्रश्न खुळचट वाटला. "मेल्यावर नायतर विकल्यावर काढत्यात," तो म्हणाला. "तुला काय विकायचीये व्हय?"

साहेबांनी तो चिंचोका प्रांजलीच्या हातावर ठेवला. "नोंद नीट करा, मॅडम, आणि तो कुंपणाचा उपाय खोडून टाका," ते म्हणाले. "आणि तो चौदावा प्रश्न नव्याने छापा. तुम्हीच." म्हणजे नंतरचं बोलणं आत्ताच होऊन गेलं होतं.

कारभारीनं कळपाला हाळी दिली आणि मेंढरं गायरानाच्या दिशेनं वळली. प्रांजलीनं टेबलाशी जाऊन आराखड्यात दोनशे बारा लिहिले. पण त्याआधी तिनं बापाच्या पिशवीत हात घालून तो एक चिंचोका स्वतः आत टाकला होता आणि नाडी घट्ट बांधून दिली होती.